बुरशीची जुनी पॅनेलं फेकू नका: ठाणे–नवी मुंबईत ती पुन्हा वापरायची आणि नव्याने घडवायची कशी

अनंत चतुर्दशी झाली की आठवड्याभरात हमखास फोन येतो, "ताई, मखराची बुरशीवाली पॅनेलं उरलीत, घंटागाडीत देऊन टाकू का?" देऊ नका. निदान हा लेख वाचून होईपर्यंत तरी थांबा.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पर्याय शोधता शोधता आमच्यासारखी काही मंडळी या सामानापर्यंत पोहोचली. पेंढा, भुसा, तूस यांवर बुरशी वाढवायची. तिचे पांढरे तंतू काडी न् काडी विणून घट्ट करतात. मग पॅनेल वाळवून किंवा भाजून वाढ थांबवायची. त्यातून मखरं होतात, प्रदर्शनातले स्टॉल होतात, ऑफिसच्या भिंतीला आवाज शोषणारं अस्तर होतं. वापर संपला की मात्र 'निसर्गातलंच आहे, कुजेल' म्हणून लोक ते मोकळ्या मनाने टाकतात.

२०१४ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच सुमारे दहा हजार विटांचा 'हाय-फाय' नावाचा मनोरा उभारला होता. उन्हाळा संपल्यावर तो उतरवून विटांचं खत केलं. हे उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं आणि तिथूनच खत हाच या सामानाचा ठरलेला शेवट असा समज पसरला. मला ते पटत नाही. एका पॅनेलमागे पाणी उकळायला गॅस लागतो, दोन-तीन आठवड्यांची निगा लागते आणि भट्टीची वीज लागते. एका वापरात ते सगळं मातीत घालणं म्हणजे नवी सतरंजी एकदा अंथरून फाडून टाकण्यासारखं आहे. खत करायचंच, पण अगदी शेवटी.

माझा वागळे इस्टेटमध्ये छोटा गाळा आहे. पहिल्या दोन हंगामांत बरंच सामान हातचं गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून सगळं क्रमाने सांगते.

१. पॅनेल झोपलंय की मेलंय, ते आधी ठरवा

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे आणि नवखे लोक नेमकं हेच तपासत नाहीत. नुसतं सावलीत किंवा उन्हात वाळवलेलं पॅनेल मेलेलं नसतं. त्यातली बुरशी झोपते आणि पाणी मिळालं की काही महिन्यांनीही जागी होऊ शकते. भट्टीत नीट भाजलेलं पॅनेल मात्र कायमचं मेलेलं असतं. दोन्ही दिसतात सारखीच.

तपासणी घरीही होते. पॅनेलच्या आतल्या भागातून सुपारीएवढे तीन तुकडे काढा. वरची साल घेऊ नका, तिच्यावर हवेतली घाण बसलेली असते. उकळून गार केलेल्या पाण्यात तुकडे पाच मिनिटं बुडवा, निथळा, स्वच्छ झिपच्या पिशवीत ठेवा आणि पिशवी किंचित उघडी सोडून कपाटात सावलीला ठेवा. चार ते सहा दिवसांनी बघा. कापसासारखी पांढरी लव आणि ताज्या अळिंबीचा (मशरूमचा) वास आला, तर बुरशी जिवंत आहे. काहीच झालं नाही, तर मेलेली आहे. हिरवे-काळे ठिपके आले किंवा आंबूस, कुबट वास आला, तर दुसऱ्याच बुरशीने तिथे घर केलंय. तो माल बाकीच्यापासून लगेच लांब करा.

एकाच तुकड्यावर भरवसा ठेवू नका. तिन्हींनी एकच उत्तर दिलं तरच पुढे जा.

२. रंग, लेप आणि डिंक बघा

पॅनेलच्या मागच्या बाजूला पाण्याचे चार थेंब टाका. ते आत जिरले तर लेप नाही. मोत्यासारखे वर राहिले तर पीयू (पॉलियुरेथेन), लॅकर किंवा ऑइलपेंट मारलेला आहे. असं पॅनेल अख्खं वापरता येतं, पण कुटून त्यावर नवी बुरशी वाढवता येत नाही आणि खतातही घालता येत नाही. लेप फक्त वरवर असेल तर दातेरी सुरीने एक सेंटीमीटरची साल काढा आणि आतला भाग घ्या. साल सुक्या कचऱ्यात जाईल.

चुना किंवा गेरू लावलेला असेल तर काळजी नको. टिकल्या, जरीचे धागे, गोंदाच्या बंदुकीचा गोंद, स्टेपलच्या पिना मात्र एकूण एक काढा. कुटताना एक पीन पात्यात गेली तरी पातं खराब होतं.

वाळवीचं औषध किंवा बोरॅक्स मारलंय का, हेही देणाऱ्याला विचारा. अशी औषधं बुरशीलाही मारू शकतात. त्या मालावर नवी बुरशी कशी धरेल?

३. सामान आणि कागद

सामान फार महाग नाही:

- कडबाकुट्टी यंत्र (भाड्यानेही मिळतं, मुरबाड-शहापूरकडे गोठा असलेल्या ओळखीच्या माणसाला विचारा)
- २०० लिटरचा पत्र्याचा ड्रम, आत ठेवायला जाळी, मोठी शेगडी
- ० ते ११० अंशांचा थर्मामीटर, वजनकाटा, ओलाव्याचा मीटर
- झाकता येतील असे साचे. प्लॅस्टिकचे क्रेट किंवा ट्रे चालतात
- एन-९५ मास्क, हातमोजे, सर्जिकल स्पिरिट
- दातेरी पावसुरी

शेवटची वस्तू आमच्या सुतारकाकांनी सुचवली. पहिल्या दिवशी मी करवत घेऊन बसले होते आणि कडा सगळ्या भुगा होत होत्या. काका म्हणाले, "ताई, याला लाकूड समजू नका. हे पावासारखं कापायचं, दाब न देता." त्यांनी सुरी पुढे-मागे नुसती सरकवली आणि काप असा निघाला की कडेला एकेक काडी कापलेली दिसत होती, मधले पांढरे तंतू जागेवर.

कागदांचं म्हणाल तर माल देणाऱ्याकडून एक साधी चिठ्ठी लिहून घ्या: बुरशी कोणती, कशावर वाढवली, भाजली की नुसती वाळवली, लेप कोणता. ही चिठ्ठी म्हणजे त्या पॅनेलची कुंडली आहे. माल हलवताना डिलिव्हरी चलन सोबत ठेवा. धंदा म्हणून करणार असाल तर उद्यम नोंदणी, गाळ्याचा भाडेकरार आणि अग्निशामक सिलिंडरची पावती जवळ ठेवा. कुटणं आणि भाजणं आलं की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, हे लेखी विचारा. ठाण्याचं प्रादेशिक कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे, नवी मुंबईचं सीबीडी बेलापूरच्या रायगड भवनात. 'छोट्या कामाला काही लागत नाही' असं तोंडी कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. सोसायटीत पॅनेलं बसवायची असतील तर इतर इंटिरिअर कामांसारखीच सोसायटीची परवानगी आधी घ्या.

४. अख्खं वापरता येतं का, ते पहिल्यांदा बघा

यात ना गॅस लागतो ना वीज, म्हणून ही वाट सगळ्यात चांगली. मखराच्या पाठीमागची सपाट पॅनेलं तबल्याच्या क्लासच्या भिंतीवर छान बसतात. त्यांचा खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभाग आवाज घुमू देत नाही. पोटमाळ्याच्या पत्र्याखाली उष्णता अडवायलाही ती चालतात, फक्त पत्रा गळका नको.

लाकडी पट्ट्यांची चौकट करा, पॅनेल तिच्यात बसवा आणि मागे बोटभर हवा खेळती ठेवा. ठाण्यातल्या पावसाळ्यात भिंतीला थेट चिकटवलेलं पॅनेल भिंतीची ओल पितं आणि ऑगस्टमध्ये मागून काळं पडतं. घोडबंदर रोडच्या एका घरात मी ही चूक केली होती आणि सगळं अस्तर उतरवावं लागलं. तेव्हापासून मोकळी जागा सोडल्याशिवाय मी पॅनेल लावत नाही.

कुठे लावायचं नाही, तेही पक्कं लक्षात ठेवा. बाथरूम, उघडी गॅलरी, गॅसच्या शेगडीजवळ, स्विचबोर्डभोवती नाही. थर्माकोलसारखं हे वितळून ठिबकत नाही, वरचा थर कोळशासारखा होतो, पण तरीही ते जळतंच. आणि भार पेलायला तर कधीच नाही. साध्या भाजलेल्या मातीच्या विटेची भारतीय मानकातली किमान ताकद ३.५ मेगापास्कल आहे; ही पॅनेलं बहुतेक वेळा एकाच्याही खाली असतात. 'मशरूमच्या विटांची भिंत' असं कुणी म्हणालं की त्या भिंतीच्या आत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा आहे का, ते विचारा.

५. जिवंत तुकडे वाढवून जोडा

कोपरा तुटलेली किंवा मधून दुभंगलेली जिवंत पॅनेलं असतील तर त्यांना डिंक लागत नाही, बुरशीच सांधते.

जोडायच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन मिलिमीटर साल खरवडा. गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवून गार करा आणि बोटाने अगदी थोडी लावा. दोन्ही कडा उकळलेल्या पाण्याने ओलसर करून एकमेकींवर दाबा, सुतळीने बांधा आणि बारीक भोकं पाडलेल्या पिशवीत २४ ते २८ अंशांत ठेवा. तिसऱ्या दिवशी सांध्यावर धुक्यासारखी पांढरी रेघ दिसते. पाच-सहा दिवसांत ती भरून येते आणि सांधा कुठे होता, हे हात फिरवूनच कळतं. मग पॅनेल वाळवा.

इथे दोनदा फसगत होते. एक म्हणजे खळ जास्त होते आणि तिच्यावर हिरवी बुरशी धावते. दुसरी बारीक गोष्ट अशी की दोन वेगळ्या जातींच्या बुरश्या एकमेकींत मिसळत नाहीत. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) आणि गॅनोडर्मा (लाकडावर वाढणारी दुसरी बुरशी) समोरासमोर ठेवल्या तर मधे कुंपण घालून बसतात आणि सांधा हाताने उघडतो. म्हणूनच ती चिठ्ठी जपायची.

मेलेली पॅनेलं अशी सांधत नाहीत. त्यांच्यामधे स्पॉन (दाण्यांवर वाढवलेलं बुरशीचं बियाणं) मिसळलेल्या ताज्या मिश्रणाचा बोटभर थर भरला, तर तो जिवंत थर दोन्हीकडे मुळं रोवतो.

६. मेलेली पॅनेलं कुटून नव्याने वाढवा

सगळ्यात जास्त माल इथे वाचतो आणि सगळ्यात जास्त लोक इथेच हात टेकतात. जरा निवांतपणे वाचा.

*हंगाम.* नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात माल वाळत नाही आणि हवेत परक्या बुरश्यांची बीजं तरंगत असतात. एप्रिल-मेमध्ये गाळ्यातला पत्रा तापतो. त्यात वाढती बुरशी स्वतःही उष्णता सोडते, त्यामुळे साच्याच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्तच असतं. बाहेर ३४ असलं तर आत ती भाजून निघते.

*कुटणं.* कडबाकुट्टीत घालून अर्धा ते दोन सेंटीमीटरचे तुकडे करा. बारीक धूळ चाळून वेगळी काढा. ती मिश्रणात गेली की गच्च लगदा होतो आणि तंतूंना हवा मिळत नाही. मास्क लावल्याशिवाय कुटायला बसू नका. एकदा ती धूळ छातीत गेली की खोकला हटत नाही.

*नवा माल.* जुन्या भुशातलं अन्न पहिल्या बुरशीने बरंच खाल्लेलं असतं. निव्वळ जुन्यावर नवी बुरशी धरते, पण पॅनेल पोकळ, हाताला ठिसूळ लागतं. म्हणून एक भाग जुनं, दोन भाग नवं हे माझं प्रमाण. नव्यात भाताचा पेंढा मुख्य. तो शहापूर-मुरबाडहून येतोच, पण मार्च ते मे वाशीच्या एपीएमसी फळ मार्केटमध्ये आंब्याच्या पेट्यांतला पेंढा ढिगाने पडलेला असतो. तिथल्या माथाडी मंडळींशी नीट बोलून सकाळी लवकर गेलं, तर कोरडा पेंढा वेगळा काढून देतात. आंब्याचा रस लागलेला, चिकट पेंढा घेऊ नका. एकच मूठ सगळं पोतं आंबवते. आणलेला पेंढा दोन दिवस कडक उन्हात घाला आणि जमिनीपासून वीतभर वर, फळ्यांवर ठेवा, म्हणजे दिवाळीपर्यंत टिकतो.

थोडं भाताचं तूसही घाला. त्यात सिलिका भरपूर असते. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तूस आणि काचेचा चुरा घातलेल्या अशा सामानाच्या आगीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. सिलिकामुळे ते आगीत जास्त तग धरतं, असं त्यात दिसलं.

भुसा वखारीतला घ्या, जिथे अख्खं लाकूड चिरतात. फर्निचरच्या कारखान्यातला भुसा फुकट मिळतो म्हणून मी एकदा चार पोती आणली होती. त्यात प्लायवूड आणि एमडीएफची धूळ होती, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचा डिंक. बारा साच्यांपैकी एकातही बुरशी धड धरली नाही आणि गाळ्यात डोळे चुरचुरत होते. भुसा आणायच्या आधी मूठभर हातात घेऊन वास घ्या. लाकडाचाच वास यायला हवा.

*एका खेपेचं माप.* कुटलेलं जुनं ३.५ किलो, कापलेला पेंढा ५ किलो, तूस आणि भुसा मिळून १.५ किलो. हे सुक्या मालाचं वजन. पाणी प्यायल्यावर सगळं मिळून २६ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. मूठ घट्ट आवळा: बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर पसरून निथळू द्या.

*निर्जंतुक करणं.* कोंडा घालणार नसाल तर मिश्रण पोत्यात भरून ७० ते ८० अंशांच्या पाण्यात दीड तास बुडवून ठेवा. जोम यावा म्हणून अर्धा किलो गव्हाचा कोंडा घालणार असाल तर गरम पाणी पुरत नाही. कोंडा परक्या बुरशीलाही तितकाच आवडतो. मग ड्रममध्ये जाळीवर पिशव्या ठेवून पाच-सहा तास वाफ द्या. ड्रमचं झाकण कधीही पक्कं बंद करू नका, वाफेला वाट हवीच. पहिल्यांदा करणाऱ्याने कोंडा टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

*स्पॉन.* मिश्रण हाताला गार लागल्यावरच स्पॉन मिसळा, नाहीतर ते उकडून मरतं. ताज्या पेंढ्याला थोडं कमी चालतं, पण जुना माल मिसळलेला असला की मी ओल्या वजनाच्या आठ टक्के घेते, म्हणजे २६ किलोला दोन किलो. आपली बुरशी जितक्या लवकर जागा व्यापेल, तितकी परकीला संधी कमी. धिंगरीचं स्पॉन पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात मिळतं. आधी फोन करून मागणी नोंदवा. आणताना पिशवी गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. स्पॉनचे दाणे पांढरेशुभ्र आणि एकमेकांना धरलेले हवेत. तळाशी पिवळं पाणी साठलं असेल तर ती पिशवी परत करा.

*साचे भरणं.* पंखा बंद, हात कोपरापर्यंत धुतलेले, साचे स्पिरिटने पुसलेले. कोपरे बोटांनी दाबून भरा. पॅनेल तुटतं ते कोपऱ्यातूनच. वर भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा कागद ताणा आणि साचे अंधारात ठेवा.

दहा ते चौदा दिवसांत सगळं पांढरं होतं. साच्यातून काढून आणखी दोन-तीन दिवस पिशवीत ठेवा, म्हणजे साच्याला टेकलेल्या बाजूंवरही साल धरते. रोज एकदा बघा, पण कागद उघडू नका. हिरवा डाग दिसला तर तो साचा न उघडता, तसाच पिशवीत बांधून गाळ्याबाहेर काढा. डाग खरवडून पुढे वाढवायचा मोह मलाही झाला होता. खरवडताना हिरवी पूड उडाली आणि आठवड्यात शेजारचे पाच साचे गेले.

टाचणीच्या डोक्यांएवढे करडे कोंब दिसले तर लगेच वाळवायला घ्या. त्यांच्या छत्र्या झाल्या की त्या बीजाणू सोडतात आणि बंद गाळ्यात त्याने दम्यासारखा त्रास होतो. घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर वाढवण्याचं काम घरात करूच नका.

७. वाळवा, मग भाजा

आधी दोन-तीन दिवस उन्हात, जाळीवर, बाजू पालटत. मग ७० ते ८० अंशांच्या भट्टीत. किती तास, हे जाडीवर ठरतं, म्हणून घड्याळ न बघता काटा बघा. पॅनेल तोला, तासाभराने पुन्हा तोला. वजन तेच भरलं की काम झालं. वरून कडक आणि आतून ओलं राहिलेलं पॅनेल पहिल्या पावसात उलतं.

पापड-मसाल्याचा ट्रे ड्रायर भाड्याने मिळतो आणि लोक तोच वापरतात. कृपा करून खाण्याच्या यंत्रात हा माल घालू नका.

वाळताना पॅनेल थोडं आटतं. मापात कापणी नेहमी भाजल्यानंतर. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: तारीख, बुरशी, भाजलं की नाही, कितवी फेरी. तिसऱ्या फेरीनंतरचा माल मी पुन्हा कुटत नाही. काड्यांत दम उरत नाही आणि पॅनेल हातात मोडतं.

८. उरलं ते खताला

चाळलेली धूळ, तिसऱ्या फेरीची पॅनेलं, मोडके कोपरे, सगळं इथे येतं, पण लेप नसलेलंच. तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा, कारण कोरडं पॅनेल ढिगात महिनोन् महिने तसंच पडून राहतं. मग स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि हे तुकडे आलटून पालटून थर द्या. पेंढा-भुशात कार्बन जास्त असतो, म्हणून शेण किंवा भाजीची देठं मिळाली तर जरूर घाला. सोसायटीचा खतखड्डा असेल तर सेक्रेटरींना आधी दाखवा. पांढरी लव बघून सफाईचे दादा-मावशी घाबरतात आणि सगळं उचलून गाडीत टाकतात.

हिरवी बुरशी लागलेल्या साच्यांतला माल या ढिगात चालतो, फक्त ढीग गाळ्यापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवा. दर आठवड्याला खालवर करा. शेवटी चाळणीवर जे तुकडे उरतील ते पुढच्या ढिगाच्या तळाशी घाला.